बल्बला कुंकू

लायसन्स मिळून चार महिने झाले, तरी आमच्या ह्यांनी गाडीची किल्ली काही माझ्या हाती दिली नव्हती. मागितली की उत्तर ठरलेलं, “आधी बिबवेवाडीकरांना कळवू दे, रस्त्यावर येऊ नका म्हणून.” अस्सा संताप यायचा म्हणून सांगू!

त्या रविवारी सकाळी उजवा हेडलाइट गेला. संध्याकाळी साडेसातला आमची लेक पूर्णिमा नांदेडहून स्वारगेटला उतरणार, आणि गॅरेजं बंद.

“रिक्षाने आणू,” हे म्हणाले.

“बल्ब मी बसवते,” मी म्हटलं.

हे हसले. तेही खालच्या मजल्यावरच्या युसूफभाईंसमोर! मग काय, मी पेटलेच. “बसवला तर किल्ली माझी. आजपासून. बोला!”

“बसव तर आधी,” म्हणत हे जिना चढून गेले.

युसूफभाईंचा टेम्पो आहे, त्यांना सगळं ठाऊक. “ताई, जमेल. फक्त नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डाग राहिला की तापून फुटतो.”

तीन दुकानं पालथी घातली. शेवटी मार्केट यार्डाजवळ एक उघडं मिळालं, आणि त्याच्याकडेही एकच बल्ब शिल्लक.

सहा वाजता ह्यांनी गाडी उघडून दिली, किल्ली मात्र खिशात. मी बॉनेट वर केलं. वायर ओढली, रबरी टोपी काढली, क्लिप दाबली आणि जुना बल्ब हातात! अगं बाई, एवढंच? ह्यासाठी का पुरुष बॉनेटमध्ये डोकं घालून उसासे टाकतात?

नवा बल्ब घ्यायला वळले, तर तो ह्यांच्या हातात. आणि काचेवर बोटाने ठसठशीत लावलेलं हळदकुंकू!

“अहो, काय केलंत हे! काचेला बोट लावायचं नसतं!”

हे पार गोंधळले. “नवी वस्तू... आणि तू पहिल्यांदाच करतेयस. म्हटलं, यश यावं तुला.”

पैज माझ्याशी लावायची आणि यशही माझ्यासाठीच मागायचं! काय म्हणावं या माणसाला?

पण बल्ब एकच होता. गाडीच्या खणात सॅनिटायझर होतं. स्वच्छ फडक्यावर घेऊन काच पुसली, कुंकवाचा कणही ठेवला नाही. फडक्यातच धरून बल्ब बसवला, क्लिप लावली, टोपी लावली, वायर जोडली.

“लावा!”

ह्यांनी आत बसून किल्ली फिरवली. पार्किंगच्या भिंतीवर दोन्ही दिवे लख्ख! मी चक्क उड्या मारल्या, या वयात. खिडकीतून युसूफभाईंनी टाळ्या वाजवल्या.

हे उतरले. बोटाला उरलेलं कुंकू त्यांनी किल्लीला लावलं.

“हिला तरी बोट लावलेलं चालतं ना?”

किल्ली माझ्या हातावर ठेवून ते पलीकडच्या दाराने आत बसले आणि मुकाट्याने पट्टा लावला. मी स्टिअरिंगसमोर बसले आणि सीट माझ्या मापाने पुढे ओढली.