पालीच्या वस्तीवरचा हॉर्न

रेल्वेचा नियम साधा. मोटार ट्रॉली रस्त्यापाशी आली की थांबवायची, लाल झेंडा घेऊन खाली उतरायचं, दोन्हीकडून रस्ता मोकळा बघायचा, मगच सावकाश पलीकडं न्यायची. रूळ तपासायची, चार माणसांची इवलीशी गाडी ती, तिच्यासाठी कोण फाटक लावतंय? आणि पालीकडच्या त्या वस्तीजवळ तर फाटकच नव्हतं.

ट्रॉली चालवणाऱ्या नाथाला हे सगळं तोंडपाठ. पण वस्ती त्याचीच ना! तिथं आला की थांबता थांबता तो हॉर्न वाजवायचा, अन् त्याची आई बायडाबाई मेंढरं तशीच सोडून भाकरीचं फडकं घेऊन रुळापाशी यायची. म्हातारीला दिसायचं कमी, पण लेकाचा हॉर्न बरोबर कळायचा. नाथाला त्याचं केवढं कौतुक! साऱ्या जगाला हॉर्न म्हणजे बाजूला सरा, अन् आपल्या आईला मात्र हॉर्न म्हणजे ये, हे त्या शहाण्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या दिवशी मागं साहेब बसलेले. पुढं रुळाखालची खडी वाहून गेल्याचा फोन आलेला.

"नाथा, आज थांबू नकोस. हॉर्न देत काढ."

रस्ता रिकामाच दिसत होता. नाथानं हॉर्न दिला, अन् बाभळीआडून बायडाबाई निघाली.

 नाथानं एका हातानं ब्रेक ओढला, दुसरा हॉर्नवरून काढलाच नाही. हॉर्न जसा वाढला तशी म्हातारी लुगडं सावरत पळायलाच लागली. "आये, मागं सर!" तो बोंबलला, पण त्या कर्कश्श आवाजात काय ऐकू जाणार, कप्पाळ! तेव्हा कुठं त्याला उमगलं. त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

बायडाबाई गोंधळून थबकली. ट्रॉली तिच्या पदराला वारा देत समोरून गेली अन् थोडं पुढं जाऊन थांबली.

नाथा उडी टाकून धावत आला. भीतीनं त्याला रडू फुटलं होतं.

"कावून एवढा वाजवत व्हतास रं? मला वाटलं, लेकराला लई भूक लागली."

"आये, आजपासून हॉर्न ऐकला की जागची हलू नगंस."

"मग तू आलास ते मला कळायचं कसं?"

"मी गाडी थांबवीन. उतरून तुझ्यापाशी यीन."

म्हातारीनं चाचपत फडकं त्याच्या हातात दिलं.

"बरं. पर तुझे हात कावून कापायलेत रं?"