सोफ्याची शेवटची जागा

माझं लग्न बायकोशी झालं, पण संसार झाला तो सोफ्याशी. घरं हलवून देणाऱ्या एका कंपनीत मी मुकादम आहे. आठवडाभर लोकांची कपाटं जिन्यांवरून उतरवून घेतो आणि रविवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच घरचं फर्मान निघतं, "अहो, हा सोफा इथे बरा दिसत नाही."

"मागच्या रविवारी तूच ठेवायला लावलास ना?"

"म्हणूनच सांगतेय. आठवडाभर बघितला की मी."

मी गुपचूप सोफ्याच्या पायांखाली जुनी चादर सारतो, म्हणजे फरशीवर ओरखडे पडत नाहीत, आणि ढकलायला लागतो. बाईसाहेब कमरेवर हात ठेवून उभ्या. "अजून थोडा. नाही, जास्त झाला. मागे घ्या." इतकं तर आमची गिऱ्हाइकंही छळत नाहीत. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

"आज पलंग का हो?"

"नाही काका, सोफा."

"मग चालेल," म्हणून ते जातात. पलंगाचा आवाज तेवढा त्यांना सोसत नाही.

या हौसेपायी माझे गुडघे कामातून गेलेत. पाणी प्यायला उठावं तर काल नसलेलं स्टूल आज वाटेत उभं. मी कळवळलो की ही अंथरुणातून खिदळायची. त्यामुळे गेल्या वर्षी तिचाच पाय टीपॉयला आपटायला लागला, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "भोग आता आपल्या कर्माची फळं!" तीही हसायची, टीपॉयला शिव्या घालायची आणि पुढच्या रविवारी त्याची जागा बदलायची. मग खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मग चालता चालता मोरीचा उंबरा लागला. दर वेळी आम्ही दोघांनी सामानाच्या हलवाहलवीलाच दोष दिला. चौकट आणि उंबरा काही मी कधी हलवले नव्हते, पण हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि सांगितलं, की बाजूचं दिसणं गेलंय. नळीतून बघावं तसं दिसतंय त्यांना, आणि ती नळी अरुंद होत जाणार. उपाय विचारला तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. निघताना मला बजावलं, "घरातली एकही वस्तू आता जागची हलवू नका. त्यांच्या हातांना जागा पाठ झाल्या पाहिजेत."

त्यानंतरचे रविवार मोकळे गेले. असेच रविवार मी आयुष्यभर मागत आलो होतो. आता मिळाले, तर चहा कपातच गार व्हायचा. ती सोफ्यावर बसून राहायची आणि मी उगाच पेपर चाळायचो. एका रविवारी काका वर आले. "हल्ली आवाज नाही. भांडलात की काय?"

मी पेपर आणखी वर धरला. तीच म्हणाली, "सोफ्याला जागा सापडली, काका."

"सुटलात बुवा!" असं मला म्हणून काका गेले. मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

आज सकाळी मात्र हाक आली. "अहो, चादर आणा."

"अगं, पण डॉक्टरीणबाई..."

"त्या म्हणाल्या हलवायचं नाही. पण कुठून हलवायचं नाही ते मी ठरवणार. शेवटचंच लावायचंय, तर मनासारखं लावू."

मी चादर आणायला अक्षरशः पळालो. स्टूल माळ्यावर गेलं, टीपॉय भिंतीला लागला. सोफा खिडकीकडे पाठ करून ठेवायचा होता. "अजून थोडा. नाही, जास्त झाला. मागे घ्या." मी मुद्दाम चुकत होतो, तिने आणखी थोडं ओरडावं म्हणून. एकेक वस्तू लागली की ती जवळ जाऊन तिच्या कडांवरून हात फिरवायची आणि मान डोलवायची. मग तिने माझी खुर्ची मागवली आणि सोफ्याच्या पुढ्यात, खिडकीकडे तोंड करून ठेवायला लावली.

"इथे?" मी म्हटलं. "इथे सकाळभर ऊन तोंडावर येतं. पेपर कसा वाचू?"

"पेपरसाठी नाही ठेवली. बसा."

मी बसलो. ती समोर सोफ्यावर बसली आणि मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे करत मला शोधायला लागली. मग थांबली.

"उजेड असला की तुमचं तोंड अजून पूर्ण दिसतं," ती म्हणाली. "कान तेवढे जातात. जाऊ देत, त्यांचा तुम्हाला तरी कुठे उपयोग होता!"

मला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. ऊन डोळ्यांत शिरत होतं, पाणी गालांवर आलं. पुसायला मी हात वर नेला.

"हलू नका," ती म्हणाली.

मी हात खाली घेतला.