लांब पल्ल्याची पुरचुंडी

विंझरला रस्त्याकडेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार माझ्याकडं येते, मी तिच्यातली तार काढून नवी भरतो. अमृतच्या हातून एक वेढा चुकत नाही, असं माझं तालुक्यात नाव आहे. आणि हाच अमृत मासे धरायचं रीळ हातात घेतो तेव्हा दोऱ्याचा असा गुंता करतो, की सुगरणीनं बघितला तर लाजून घरटं बांधायचं सोडून देईल.

मासे धरायचं असं आपलं सवयीनं म्हटलं. मासा मला आजवर एकही लागलेला नाही. माझा नाद लांब फेकायचा. त्याचंही कारण सांगतो, हसायचं तर हसा. मला पाण्याची भीती वाटते. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझी दातखीळ बसते. होडीत तर मी जन्मात पाय ठेवलेला नाही. पण धरणाकाठच्या माणसानं हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून मी असं यंत्र धरलं की मी काठावर करंजाखाली कोरडा उभा, आणि गळ पार मधोमध. माझी बायको सुलक्षणा म्हणते, "अजून थोडं लांब जाणारं आणा, म्हणजे घरी खाटेवर बसूनच टाकता येईल."

माझ्याकडं अशी दोन बेटकास्टिंग रिळं आहेत. एक लाल, रात्रंदिवस व्हिडिओ बघून मोबाईलवर मागवलेलं. दुसरं गोल, पितळी, भोरच्या एका म्हाताऱ्याकडून घेतलेलं. तो भाटघरच्या पाण्यावर गळ टाकायचा, डोळे अधू झाले तेव्हा त्यानं ते विकलं. या रिळांची गंमत अशी, की फेकलं की फिरकी स्वतःच गरगर फिरून दोरा सोडते. पुढं दोऱ्याला बांधलेलं शिसं मंदावलं तरी फिरकीला ते कोण सांगणार? ती फिरतच राहते आणि दोरा तिथल्या तिथं फुगून गुंता होतो. म्हणून अंगठा फिरकीवर हलका टेकवून ठेवायचा असतो. लाल रिळाला त्यासाठी चुंबकाचा ब्रेकही आहे. ब्रेक आवळला की गुंता होत नाही, पण लांबही जात नाही. सैल सोडला की एकतर लांब जातं, नाहीतर माझ्या पायाशी पडतं. गोल रीळ मात्र गरीब गाईसारखं, रोज ठरल्या जागी जाणार आणि तिथंच थांबणार. कोणतं भारी, यावर मी वर्षभर डोकं लावत होतो. दुसरा कुणी ऐकून घेत नव्हता, म्हणून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचो.

मग माघात आबा गेले, आणि माझ्या या नादाला एकदम काम निघालं.

आबा म्हणजे माझे वडील. देवमाणूस, फक्त बांधाचा विषय काढायचा नाही. धरणात गेलेल्या आमच्या जुन्या वाडीत त्यांचं आणि धाकट्या भावाचं, म्हणजे हैबतीनानांचं, वावर लागून होतं. मधला बांध कुणी कोरला यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. पुढं धरण झालं, बांध पाण्याखाली गेला, भांडण मात्र वरच राहिलं. नव्या जागेसाठी चिठ्ठ्या टाकल्या तर नशिबानं दोघं परत शेजारी. एकमेकांना काही सांगायचं झालं की आपापल्या म्हशीला ऐकवायचे. आबांच्या मयताला नाना आले, पण लांब उभे राहिले. खांदा द्यायला पुढं आले नाहीत.

सावडायच्या दिवशी आईनं मूठभर राख बाजूला काढली. आबांच्या धोतराच्या तुकड्यात बांधली, आत अंगणातला एक खडा घातला आणि ती पुरचुंडी मागच्या फणसाला टांगली.

"त्यांनी सांगून ठिवलंय," ती म्हणाली. "राख माझ्या वावरात टाका, नदीला लावू नका."

"आई, वावर पाण्यात आहे."

"मग पान्यातल्या वावरात टाक. लेकाच्या हातनं पडली पायजे."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या बांधावरच्या जांभळीचा वठलेला शेंडा वर येतो. जांभळीच्या अलीकडं आमचं वावर, पलीकडं नानांचं. आमच्याही अलीकडं, काठापर्यंत, नुसता मुरमाड माळ. म्हणजे फेकायचं ते माळ ओलांडून, पण जांभळीच्या आत.

गावातल्या कुमारची होडी आहे. तो म्हणाला, "चल की, लगेच जाऊन येऊ." पारावर माणसं बसली होती. मी छाती काढून म्हणालो, "होडी कशाला? माझं रीळ कधी कामाला यायचं?" आपण काय जन्माला घातलंय हे आईला चांगलं माहीत आहे.

मग तयारी सुरू झाली. आबांची पुरचुंडी एकच, तेव्हा सरावाला चुलीतली राख. सुलक्षणाच्या जुन्या लाल लुगड्याचे तुकडे घेतले, त्यात राख आणि खडा बांधला, आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी भाताच्या मोकळ्या खाचरात उभा राहून फेकायला लागलो. आधी कुमारला विचारून काठापासून जांभळीचा अंदाज घेतला होता. आमचं दुसरं खाचर म्हणजे ते पाण्यातलं वावर, असा हिशेब धरला. पुरचुंडी दोऱ्याच्या टोकाला अशी अडकवायचो, की पडली की सुटून तिथंच राहील. गोल रीळ दर वेळी पहिल्या खाचरातच पडायचं. म्हणजे माळावर. लाल रिळाचा ब्रेक पुरता सैल सोडला तर दुसऱ्यात जायचं. कधी अंगात आलं तर तिसऱ्यात. तिसरं खाचर नानांचं. तिथल्या पुरचुंड्या आणायला जायची माझी छाती नव्हती, म्हणून त्या तशाच राहिल्या.

एका सकाळी नाना दारात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात घमेलं, घमेल्यात माझ्या सगळ्या पुरचुंड्या. हात न लावता काठीनं ढकलून भरलेल्या.

"वैनी," ते आईला म्हणाले. इतक्या वर्षांत हा पहिला शब्द. "म्या काय वाकडं केलं तुमचं? दादाला जाऊन वरीस न्हाई झालं, आन् माझ्या वावरात करनी करताय?"

लाल कापड, आत राख, वर गाठ. त्यांच्या जागी मी असतो तर देवऋषी घेऊनच आलो असतो.

आईनं कपाळाला हात लावला. "करनी न्हाई भावजी. माझ्या लेकाचा खेळ हाय त्यो." आणि तिनं सगळं सांगितलं. राख, वावर, जांभळ, रीळ. नाना ऐकत होते. ऐकून झालं तसं त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला घमेल्यात जाऊन बसावंसं वाटलं.

"तुला होडीत बसाया काय हुतं?"

मी गोठ्याकडं बघायला लागलो. सुलक्षणानं आतूनच सांगून टाकलं, "भ्या वाटतं त्यांना."

नाना घमेलं तिथंच ठेवून निघून गेले.

चैत्रातल्या एका सकाळी आम्ही काठावर गेलो. आई, सुलक्षणा, आणि न बोलावता आलेला कुमार. आणि पार लांब, दुसऱ्या एका करंजाखाली, नाना. मयताला उभे होते तसेच.

आईनं पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. एवढा दांडगा माणूस, दोन पोती खांद्यावर घेऊन चढ चढणारा, आणि हातात काहीच नसल्यासारखा लागला. मला रडू फुटलं. तशात रीळ निवडायचं होतं. गोल घेतलं तर आबा मुरमावर पडणार. जन्मभर शेती केलेला माणूस माळावर टाकला तर मला माफ केलं नसतं त्यांनी. मी लाल घेतलं, पुरचुंडी दोऱ्याला अडकवली, ब्रेक सैल सोडला, डोळे पुसले आणि गळाची काठी डोक्यामागं नेऊन जीव खाऊन फेकलं.

अंगठा घामेजला होता. निसटला. फिरकी किंचाळली, दोरा फुगला, अडकला, आणि टच्चकन तुटला. मी खाली बघितलं तर हातात भलंमोठं घरटं. संपलं सगळं, म्हटलं. बापाचं एक काम धड झालं नाही.

पण बाकीचे सगळे वर बघत होते. पुरचुंडी चाललीच होती. मागं दोरा नाही, ब्रेक नाही, अंगठा नाही. माझ्या कुठल्याच रिळानं कधी नेलं नव्हतं इतक्या लांब ती गेली. जांभळीच्या शेंड्यावरून गेली आणि पलीकडं पडली. नानांच्या वावरात.

आई खाली बसली. "भावजींच्यात गेलं," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "आई, चुकलं गं माझं." कुमारनं होडीला हात घातला आणि परत काढला. बुडालेलं आता कुठं शोधणार?

नाना करंजाखालून चालत आले. पाण्याला पाय लागेपर्यंत पुढं गेले. टोपी काढली.

"जलमभर म्हनायचा, बांध तुझ्याकडं सरकव," ते म्हणाले. "आज सोताच आला की सरकून." मग त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरून जांभळीपलीकडं बघितलं. "बरूबर माझ्या हिरीच्या कडंला पडलाय. लई चांगली माती हाय तिथली."

"भावजी, पोराची चूक झाली," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, वैनी. माझ्यात ऱ्हाऊ द्या त्याला."

"भांडाल तिथंबी."

"भांडाया तरी कोन उरलंय मला," नाना म्हणाले. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी आपला गुंता सोडवत असल्यासारखं करत राहिलो, कारण मान वर करायची सोय नव्हती.

टोपी घालून नाना माझ्याकडं वळले.

"ह्ये तुझं यंतर जपून ठेव. माझी पाळी आली की माझी बी पुरचुंडी तूच टाकायची. पोरांना सांगून ठिवतो."

"टाकीन की नाना. लालनं टाकलं तर तुमच्या वावरात नक्की जाईल, फक्त ब्रेक जरासा..."

"माझ्या न्हाई," नाना म्हणाले. "जांभळीच्या अलीकडं टाक. दादाच्यात."