ओझ्याला भुकेलं इंजन

श्रीपतरावांनी जनरेटर आणलं त्या दिवशी आमच्या गल्लीत जत्रा भरली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हिरव्या रंगाचं एक धूड बसलेलं, अंगावर पांढरे इंग्रजी आकडे, ओढून न्यायला पुढं जाड कडी. बिदरच्या एका भंगारवाल्यानं ते फौजेच्या लिलावात उचललं होतं. श्रीपतरावांचं घर पाच खोल्यांचं आणि इंजन आख्ख्या छावणीला पुरेल असं. त्यांची बायको राजूबाई दारात उभी राहून बघत होती.

"ह्येला बांधायचं कुठं?" तिनं विचारलं. "म्हशीच्या जागी?"

"म्हैस तिकडं बांध. म्हैस काय उजेड देती का?"

"दूध तर देती."

उजेडाचं तर नुसतं निमित्त होतं. खरं दुखणं होतं अंड्यांचं. सून दीपमाला हिनं अंडी उबवायची पेटी घेतली होती. गावरान कोंबडीची दोनशे अंडी, आणि पेटीला एकवीस दिवस सारखी ऊब पाहिजे. दिवाळीत, अंडी लावल्याच्या अठराव्या दिवशी, गावाला वीज देणारी डीपी जळाली. शेजारी शिवराजकडं इन्व्हर्टर होता. दीपमाला म्हणाली, एक वायर ओढून घेते. श्रीपतराव म्हणाले, त्याच्या घरची वायर माझ्या घरात येणार नाही.

शिवराज त्यांचा चुलतभाऊ. मागल्या साली असाच अंधार पडला होता, तेव्हा त्यानं ओट्यावरून हाक मारली होती, "आण्णा, ताट घेऊन हिकडंच या, हितं उजेड हाय." एवढंच. पण ताट घेऊन या म्हणजे आपल्याला भिकारी समजला, असं श्रीपतरावांनी धरलं आणि तेवढ्यावरून दोन घरांतून विस्तव जाईनासा झाला. आता माणसाच्या मानपानासाठी अंड्यातल्या जिवांनी मरावं, याला काय म्हणायचं? दीपमालानं एकेक अंडं फोडून बघितलं. आतल्या पिल्लांना पिसं फुटली होती.

त्या दिवसापासून ती सासऱ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाटापुढं ठेवायची आणि आत जायची. "मामा, जेवायला या" ही हाक घरातून गेली. श्रीपतराव माणूस हेकट, पण दगड नव्हे. दोन महिने तो माणूस गार भाकरी खात होता आणि मला ते बघवत नव्हतं.

इंजन जोडायला हळ्ळीखेडचा इरप्पा आला. जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही.

"अप्पा, हे तीन फेजचं हाय. तुमच्या घरात एक फेज."

"मग दोन बंद कर."

"तीन बैलं जुंपायचे आन् वडायचं एकानंच? मरतंय की ते."

त्यानं मागचं झाकण काढलं. आतून तारांची बारा टोकं निघाली. दोन दिवस तो त्यांना चिठ्ठ्या बांधत, सोडत, पुन्हा जोडत बसला. आतल्या सगळ्या गुंडाळ्यांनी मिळून एकच फेज द्यावी अशी जोडणी केली. ताकद तिसरा हिस्सा कमी होईल म्हणाला. होऊ दे, हत्ती वाळला तरी हत्तीच, असं श्रीपतराव म्हणाले. मग इरप्पानं भिंतीवर मोठा खटका बसवला.

"वर केला की सरकारी लाईन, खाली केला की इंजन. दोन्ही एका टायमाला न्हाई. न्हाईतर तुमचा करंट उलटा खांबावर जातोय, आन् वर चढलेला लाइनमन खाली येतोय." गाडीला किक मारता मारता तो थांबला. "अजून एक. ह्येला ओझं पाहिजे. दोन बल्बवर चालवू नका. डिझेल पुरतं जळत न्हाई, काजळी धरतंय, तेल ओकतंय."

"सरकारी हाय न्हवं," श्रीपतराव हसले. "बसून पगार खायची सवय आसंल."

मार्गशीर्षात दीपमालानं पुन्हा दोनशे अंडी लावली. एकविसावा दिवस नेमका येळवशीला आला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आमचा सगळ्यात मोठा सण. गाव रिकामं होतं, रानात कडब्याच्या कोपीत पांडव पुजून सगळे शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील खातात. आदल्या दिवशी सकाळी डीपी जळाली. लाइनमनला फोन केला तर तो म्हणाला, "येळवस झाल्यावर बघू. आमालाबी रान हाय."

श्रीपतरावांना जणू हेच पाहिजे होतं. त्यांनी इंजन सुरू केलं, म्हशीनं दावं तोडलं, खटका खाली आला आणि पेटीवरचा लाल दिवा लागला. त्यांनी मिशीवरून हात फिरवत शिवराजच्या ओट्याकडं बघितलं. शिवराज ओट्यालगतच्या आपल्या एक फेजच्या पिठाच्या गिरणीच्या दारात बसला होता. उंड्यांसाठी बाजरीचे डबे घेऊन वीस बायका रांगेत होत्या आणि इन्व्हर्टरवर गिरणी फिरत नाही.

दुपारपर्यंत इंजन खोकायला लागलं. धूर पांढरा झाला, नळीतून काळं तेल ठिबकायला लागलं. श्रीपतरावांनी इरप्पाला फोन लावला.

"ओझं किती हाय?"

"पेटी, चार बल्ब आन् पंखा."

"थंडीत पंखा?"

"ओझं म्हणूनच लावलाय की."

"हत्तीवर चिमणी बसवलाव अप्पा तुमी. मोठं ओझं द्या, गिरणी-बिरणी. न्हाईतर सांजच्याला बंद पडतंय."

मग राजूबाई एकच लुगडं चार वेळा इस्त्री करत बसली, बादलीत पाणी तापवायची कांडी टाकली, मिक्सर मोकळाच फिरवला. इंजनाचं पोट भरेना. दिवे लुकलुकायला लागले. दीपमाला बाहेर आली. सासरा समोर उभा होता, पण ती सासूकडं बघून म्हणाली, "आत्या, पेटीचा काटा खाली जायलाय."

श्रीपतरावांनी टोपी घातली आणि शिवराजच्या ओट्यापुढं जाऊन उभे राहिले.

"गिरणी कामून बंद हाय?"

"लाईट न्हाई."

"माझ्याकडं हाय. वायर टाकतो."

"तुमच्या घरची वायर माझ्या घरात?" शिवराजनं आवाज न चढवता विचारलं.

रांगेतली नागूबाई म्हणाली, "घे की बाबा, न्हाईतर माझं दळण तू जात्यावर दळून दे."

"काय घ्याल त्याचं?" शिवराजनं श्रीपतरावांना विचारलं.

"काय न्हाई."

शिवराजला संशय आला. फुकट देणारा श्रीपतराव त्यानं जन्मात बघितला नव्हता. "खरं सांगा आण्णा, कामून द्यायलाव?"

श्रीपतरावांनी जमिनीकडं बघितलं. वीस बाया ऐकत होत्या. "इंजनाला ओझं पाहिजे. न्हाईतर बंद पडतंय. सुनंची अंडी हायत."

शिवराज उठला आणि त्यानं गिरणीचं कुलूप काढलं. "लावतो. पण उद्या माझ्या कोपीत जेवायला यायचं. ताट आणू नका, ताट माझंच आसंल."

येळवशीचं बोलावणं नाकारायची आमच्यात रीत नाही. श्रीपतरावांनी मान हलवली.

गिरणी फिरली तसं इंजनानं आधी काळाकुट्ट धूर ओकला, मग दम धरला आणि एका सुरात चाललं. दिवे थांबले, काटा वर चढला. ऐकून अर्ध्या गावानं दळण आणलं. श्रीपतराव डिझेलचा कॅन घेऊन उभे, आणि दळणाचे पैसे शिवराज घेत होता. मला हसू आवरेना. रात्री चार घरांत वायरी गेल्या.

येळवशीला श्रीपतराव शिवराजच्या रानात गेले. शिवराजनं भज्जी स्वतः वाढली, आंबिलीचे तीन तांबे रिचवायला लावले, नको म्हटलं की हात धरला. बोलणं फार झालं नाही, वाढणं मात्र झालं. दीपमाला घरीच पेटीपाशी होती.

उन्हं कलल्यावर श्रीपतराव परत आले. गल्लीत माणूस नव्हतं, फक्त इंजन आणि त्याला ओझं म्हणून शिवराजनं मोकळीच फिरत ठेवलेली गिरणी गरजत होती. दीपमाला दारात येऊन काहीतरी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. ती जवळ आली. तिच्या पदरात तीन ओली पिल्लं होती.

"मामा, जेवायला या," ती मोठ्यानं म्हणाली. "वाढलंय."

श्रीपतरावांच्या गळ्याशी अन्न आलं होतं. "आलो," म्हणत त्यांनी टोपी काढली, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. राजूबाई सांगते, भज्जी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.