नवऱ्याची मुलाखत

विद्यापीठ एवढंसं, की इकडे भांडं पडलं तर तिकडे आवाज जायचा. तरी तत्त्वज्ञान विभाग बंद होणार हे करिअर कक्षाच्या बाईंना सगळ्यांत शेवटी कळलं, तेही देणगीदाराच्या सत्कारात. सूत्रसंचालन त्यांच्याकडेच होतं. शीतपेयांच्या कारखानदाराने गोदाम व्यवस्थापनाच्या नव्या अभ्यासक्रमासाठी हात सैल सोडला होता, आणि वर्गांसाठी जागा हवी होती. कुलगुरूंनी ऐनवेळी पुढे केलेला कागद बाईंनी जसाच्या तसा वाचला. तत्त्वज्ञानाचा एकुलता एक प्राध्यापक, म्हणजे बाईंचा नवरा, समोरच बसला होता. सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या.

घरी दोघं जेवली. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलणं झालं.

कामावरून कमी होणाऱ्यांनी करिअर कक्षाचं मार्गदर्शन घ्यावं, असा नियम होता. तो रीतसर वेळ घेऊन आला आणि विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसला.

"तुमच्याबद्दल थोडं सांगा," बाई म्हणाल्या.

"आता अहोजाहो?"

"बाहेर असंच विचारतील."

त्याने घसा साफ केला. "मी मुलांना शंका घ्यायला शिकवलं."

"हे नको. शंका घेणारा माणूस कुणाला हवाय? अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते, असं म्हणा."

त्याने तसं म्हटलं. हात मांडीवर ठेवा, मान वर ठेवा, हेही बाईंनी सांगितलं, रोज पोराटोरांना सांगायच्या त्याच आवाजात. मधेच त्यांना वाटलं, आता तरी रडू यावं. त्या थोडा वेळ थांबल्या. डोळे कोरडे ठणठणीत. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

त्याला नोकरी लागली, त्याच कारखान्यात. नव्या कामगारांना सुरक्षेचे नियम समजावून सांगायची. बोलणं छान आहे, असं तिथल्या साहेबांनी कळवलं. कुलगुरू खूश झाले. करिअर कक्षाच्या माहितीपत्रकात असं एक उदाहरण हवंच होतं, म्हणाले, फोटो तेवढा घ्या.

रविवारी बाईंनी त्याला कारखान्याचा शर्ट घालून खिडकीपाशी उभं केलं. मोबाइल समोर धरला.

"हसू का?" त्याने विचारलं.

"थोडंसं," त्या म्हणाल्या. "दात नकोत."