संध्याकाळची सुई

बुडबुडा तसाच ठेवायचा असतो... बाकीच्या इंजेक्शनांतली हवा टिचकी मारून काढायची, ह्यातली नाही, हे वर्षालीच्या बोटांना आता पाठ झालं होतं. सकाळच्या सुईच्या नळीत तो मोहरीएवढा बुडबुडा वर चढला, थांबला, आणि पोटावरचा सदरा वर सारता सारता सोपानरावांनी विचारलं,

"पोरी, हे जनावराचं न्हाई ना?"

"अण्णा, दवाखान्यात कीर्तन नको," त्यांचा मुलगा जयदीप मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. "सिस्टर, शेजारच्या ताटात अंडं दिसलं तरी हे आपल्या ताटावरून उठतात."

"तू गप. तुझी माळ कवाच तुटली." मग तिच्याकडे वळून, "तू वाकलीस तवा तुझ्या गळ्यातली दिसली, म्हणून इचारतो. तू सांगशील ते खरं."

"नाही, अण्णा," वर्षाली म्हणाली, आणि सुई टोचली.

डुकराच्या आतड्यापासून करतात ते औषध. नर्सिंगच्या वर्गात शिकवलं तेव्हा परीक्षेपुरतं लक्षात ठेवलेलं, आणि आज दिवसभर तेच एक वाक्य तिच्यामागून वॉर्डात फिरत होतं—ह्या खाटेवरून त्या खाटेकडे, सलाइन बदलताना, हात धुताना. राउंडला तिने डॉक्टरांना हळूच विचारलं, "सर, दुसरं काही..."

"आहे, पण ह्यांच्या किडनीला झेपणार नाही. का? पेशंट नको म्हणतोय?"

"नाही सर."

"मग तू कशाला विषय काढतेस? पायातली गुठळी फुफ्फुसात गेली तर आपल्या हातात काही राहणार नाही."

खरंच होतं ते. परभणीकडच्या तिच्या गावी, सप्ताहाच्या मांडवात, वडिलांच्या मांडीवर बसून तिने ऐकलं होतं—कसायाला भलत्याच वाटेला लावून गाय वाचवणाऱ्या म्हातारीची गोष्ट. बुवा ताल धरून विचारायचे, हे खोटं देव पोटात घालील की नाही? आणि अख्खा मांडव हात वर करून 'घालील' म्हणायचा, तीही म्हणायची, सगळ्यांत मोठ्याने. पण त्या गोष्टीत फसला होता कसाई. आणि मी? मी कुणाला फसवलं?...

दुपारी सोपानराव खाटेच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरून गुणगुणत होते. "पाय हलका वाटतोय गं. तुझ्या हाताला गुण हाय."

ती हसली. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

सांगायचं, तिने ठरवलं. संध्याकाळची सुई देण्याआधी सांगायचं. मग त्यांनी हात जोडून नको म्हटलं तर? म्हणणारच. मग ती गुठळी... खोटं माझं, तर पापही मलाच लागो, असं ती सकाळपासून देवाला विनवत होती. पण चिखलीच्या ह्या म्हाताऱ्याने जन्मभर जपलेलं ते व्रत काही माझं नव्हतं, की मी देवाशी त्याची बोलणी करावी. त्यांनी पुन्हा विचारलं तर मात्र सांगेन. एकदा विचारू देत.

संध्याकाळी जयदीप डबा आणायला गेलेला. सोपानरावांनी तिला पाहून आपणच सदरा वर केला, डोळे मिटले. ओठ नामात हलत होते.

"अण्णा, सकाळी तुम्ही विचारलंत ना..."

"काय गं?" डोळे उघडले—स्वच्छ, निवांत.

"काही नाही. थोडं दुखेल."

"तुझ्या हातचं? छे."

डोळे पुन्हा मिटले. तिने पोटाची सैल, ऊबदार कातडी चिमटीत धरली. ती जरासुद्धा आक्रसली नाही. रोज सुई टोचताना मनात घ्यायचं ते नाम तिच्या जिभेवर आलं, आणि तिने ते गिळलं. देवाने आत्ता, एवढ्यापुरतं, इकडे पाहू नये, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.