साहेबांचे एक्केचाळीस कोर्स

दिल्लीतल्या सरकारी ऑफिसात दर सोमवारच्या मीटिंगमध्ये ढवळीकर साहेबांचं एक वाक्य ठरलेलं असे. "सेक्शन में किसी को सीखना ही नहीं है." स्टाफ म्हणजे जन्माचा कामचुकार, अशी त्यांची ठाम समजूत होती. सेक्शनमधली गिरिजा खाली मान घालून ऐके आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई, कारण साहेबांचं सगळं शिक्षण तीच करत होती.

सरकारी अधिकाऱ्यांना ऑनलाइन कोर्स सक्तीचे झाले, तेव्हा साहेबांनी आपला पासवर्ड तिच्या हवाली केला. "आपण महाराष्ट्राची माणसं, तुझ्यावर भरवसा आहे यार," हे वर. मग जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सरोजिनी नगरच्या बाजारात चक्कर मारून येत, आणि ही साहेबांच्या नावाने व्हिडिओ बघे, परीक्षा देई. साहेबांनी फक्त मोबाइलवर आलेला ओटीपी चहा पिता पिता वाचून दाखवायचा. असे एक्केचाळीस कोर्स झाले. त्यातल्या 'कार्यालयीन सचोटी'त तर पैकीच्या पैकी गुण. विभागाने साहेबांना शाल दिली, आणि ती खांद्यावर असतानाच त्यांनी जिज्ञासेवर वीस मिनिटं भाषण ठोकलं. गिरिजा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

तिला मात्र खरोखरच गोडी लागली होती. आकडेवारीच्या कोर्सांनी तर तिला वेड लावलं. म्हणून हैदराबादला आकडेवारीच्याच सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी सेक्शनमधून एक नाव मागवलं गेलं, तेव्हा तिने लगेच अर्ज केला. दोन वर्षं ती याच संधीकडे डोळे लावून बसली होती.

चार दिवसांत अर्ज परत आला. खाली साहेबांच्या अक्षरात शेरा: 'अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर एकही कोर्स नाही. शिकण्याची इच्छा दिसत नाही.'

गिरिजाने तो तीनदा वाचला. रडू नाही आलं. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. त्याच दुपारी तिने आपल्या नावाने पहिला कोर्स सुरू केला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बढतीला लागणारा शेवटचा कोर्स राहिला होता, आणि मुदत संध्याकाळी सहापर्यंत.

"चलो, ओटीपी लिहून घे."

"साहेब, मला नाही जमणार."

"का? काय झालं?"

"मला शिकण्याची इच्छाच नाही. तुम्हीच लिहिलंय, फाइलवर आहे."

गिरिजा जागेवर येऊन बसली आणि आपला तिसरा कोर्स लावला. काचेपलीकडे साहेब चष्मा चढवून कॉम्प्युटरकडे बघत होते. पाच वाजता केबिनचं दार किलकिलं झालं.

"गिरिजा," त्यांनी हळूच विचारलं, "हे सुरू कुठून करायचं?"